एका माणसाला ‘दे’ म्हणायचं? इंग्रजीच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला संध्याकाळच्या बॅचला मी बोलायचं इंग्रजी शिकवते. येणारी बहुतेक मंडळी मराठी शाळेत शिकलेली. कुणी अंधेरीच्या ऑफिसात नव्यानं लागलेलं, कुणी ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारं, कुणी निवृत्त होऊन मुलांकडे परदेशी जायच्या तयारीत. गेली काही वर्षं एक विषय पुन्हा पुन्हा निघतो, आणि तो बहुधा वर्ग सुटल्यावर, बाकीचे जिना उतरून गेल्यावर, हळू आवाजात निघतो: एकाच माणसाबद्दल बोलताना ‘ही’ (he) किंवा ‘शी’ (she) न म्हणता ‘दे’ (they) म्हणायचं का? तेच प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. व्याकरण कुठे संपतं आणि माझं मत कुठे सुरू होतं, हे त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

‘दे’ म्हणजे ‘ते सगळे’ ना? मग एका माणसाला तो शब्द कसा चालेल?

‘दे’ची एकवचनी कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. या विषयावरची निम्मी भांडणं ही दोन कामं एकत्र केल्यामुळे होतात.

पहिलं काम अनोळखी माणसाचं. समजा, लोकलमध्ये सीटखाली छत्री राहिली आहे. इंग्रजीत आपण म्हणतो, ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला.’ छत्री एक, विसरणारा माणूस एक, पण तो पुरुष की बाई हे माहीत नाही, म्हणून ‘देअर’. इंग्रज माणसाला हे बोलताना क्षणभरही विचार करावा लागत नाही.

आपल्यालाही लागत नाही. दारावरची बेल वाजली की आपण काय विचारतो? ‘कोण आलंय?’ आला नाही, आली नाही, आलं. ‘कुणीतरी आलं होतं,’ ‘कुणी बसलंय का इथे?’, ‘कुणी आत आलं तर?’ माणूस कोण हे ठाऊक नसलं की मराठी सरळ नपुंसकलिंगाकडे वळते. वर पहिल्याच परिच्छेदात मी ‘कुणी नव्यानं लागलेलं’ असं लिहिलं, ते तुम्हाला खटकलंही नसेल. इंग्रजीत हेच काम ‘दे’ करतो.

दुसरं काम ओळखीच्या माणसाचं. समोरचा माणूस कोण हे माहीत आहे, नाव माहीत आहे, आणि त्यानंच सांगितलं आहे की मला ‘ही’ नको, ‘शी’ नको, ‘दे’ म्हणा. हा वापर अलीकडचा आहे आणि मतभेद आहेत ते खरे इथे. पहिल्या कामाबद्दल वाद घालायचं आता काही कारण उरलेलं नाही.

पण शाळेत बाईंनी हे चूक म्हणून लाल पेनानं खोडलं होतं.

माझंही खोडलं होतं. ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक’ असं लिहिलं होतं, ‘देअर’भोवती लाल गोल काढून वर ‘हिज’ लिहून मिळालं. वर्गात आम्ही सगळ्या मुली होतो. त्या गोलाचा अर्थ लावायला मला पुढे बरीच वर्षं लागली, म्हणून हे उत्तर जरा लांब देते.

एका माणसासाठी ‘दे’ वापरल्याचा लेखी दाखला १३७५ सालच्या सुमाराचा आहे. चॉसरनं असं लिहिलं, शेक्सपिअरनं लिहिलं, जेन ऑस्टिननं तर सर्रास लिहिलं. अठराव्या शतकात व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ठरवलं की ‘दे’ अनेकवचनी आहे, म्हणून तो एकाला लावायचा नाही; माणूस कोण ते माहीत नसेल तर ‘ही’ म्हणायचं, त्यात बाया आल्याच. लोक बोलायचं तसं बोलत राहिले. शाळेच्या पुस्तकात मात्र नियम बसला, आणि तोच नियम आपल्यापर्यंत आला.

कायद्यातही तो आला. ब्रिटिश संसदेनं १८५० साली कायदा करून ठरवलं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धरायच्या. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८ म्हणत होतं की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष असो की स्त्री, कोणत्याही व्यक्तीसाठी वापरलेलं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ मध्ये तोच नियम. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती व्याख्या कलम २ मध्ये आली आणि तिथे पुरुष, स्त्री यांच्या जोडीला ट्रान्सजेंडर हा शब्द आला. सर्वनाम अजून ‘ही’च आहे, त्यात कुणाकुणाला धरायचं, ते मात्र वाढलं.

म्हणजे बाईंनी लाल गोल काढला तेव्हा त्या चुकल्या नव्हत्या. त्यांना जे पुस्तक मिळालं होतं, त्याप्रमाणे त्यांनी शिकवलं. पण ते पुस्तक भाषेच्या वयापुढे लहान होतं.

‘अनेकवचनाचा शब्द एकाला लावायचा म्हणजे भाषा बिघडते’ असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ‘यू’ दाखवते. एके काळी इंग्रजीत एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यू’ होतं. आपल्या तू आणि तुम्हीसारखं. मोठ्यांना मान द्यायला एकालाच ‘यू’ म्हणू लागले, पुढे सगळ्यांनाच म्हणू लागले आणि ‘दाऊ’ मागे पडला. तेव्हाही लोक चिडले होते. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे जॉर्ज फॉक्स यांनी सतराव्या शतकात एकाला ‘यू’ म्हणण्याच्या विरोधात लिहिलं. आज आपण एका माणसाला ‘यू आर’ म्हणतो तेव्हा कुणी लाल गोल काढत नाही.

क्रियापद कोणतं? ‘दे इज’ की ‘दे आर’?

‘दे आर’. नेहमी. ‘दे हॅव’, ‘दे वर्क’, ‘दे वेअर’. माणूस एक असला तरी क्रियापद अनेकवचनी, जसं ‘यू आर’.

मराठी शाळेतून आलेल्यांची अडचण वेगळीच असते आणि ती मला फार जवळची आहे. आपण घासून घासून पाठ केलेलं असतं की एकवचनाला ‘एस’ लागतो. ‘ही गोज, शी गोज, दे गो.’ चुकलं की सगळा वर्ग हसायचा. आता कुणी सांगतं की माणूस एकच, पण ‘दे गो’. जीव घाबरतो. तेव्हा एवढं धरून ठेवा: नाव घेतलंत तर ‘एस’, ‘दे’ म्हटलंत तर नाही. ‘किरण वर्क्स इन अकाउंट्स. दे वर्क लेट ऑन फ्रायडेज.’ दोन वाक्यं शेजारी शेजारी, माणूस तोच. आठ-दहा वेळा मोठ्यानं म्हणा, जीभ वळते.

‘स्वतः’ला दोन्ही ऐकू येतं, ‘देमसेल्व्ज’ आणि ‘देमसेल्फ’. एका माणसासाठी ‘देमसेल्फ’ आता बऱ्याच ठिकाणी चालतं.

‘ही ऑर शी’ म्हटलं तर काय बिघडलं?

काही नाही, एका वाक्यात. पण ‘इफ अ कस्टमर लूझेस हिज ऑर हर कार्ड, ही ऑर शी शुड कॉल हिज ऑर हर ब्रांच’ हे मोठ्यानं वाचून बघा. दम लागतो.

परीक्षेत आणि सरकारी अर्जात काय लिहू?

परीक्षेत धोका पत्करू नका. तपासणारे कोणत्या पुस्तकावर वाढले आहेत हे आपल्या हातात नसतं. वाक्यच अनेकवचनी करा: ‘अ स्टुडंट’ऐवजी ‘स्टुडंट्स’ लिहा, मग ‘दे’ कुणालाच खटकत नाही. मी स्वतः पेपर तपासते तेव्हा एकवचनी ‘दे’ला मार्क कापत नाही, पण माझ्या भरवशावर बोर्डाच्या परीक्षेला बसू नका.

इंग्रजीतले मोठमोठे नियमग्रंथ आता वळले आहेत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनं २०१७ मध्ये मर्यादित वापराला परवानगी दिली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांनी २०१९ मध्ये तो उघड स्वीकारला. मानसशास्त्रात किंवा शिक्षणशास्त्रात प्रबंध लिहिणाऱ्यांना ते नियम ठाऊक असतील. मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं त्याच वर्षी ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं.

ईमेल ज्यांना लिहायचा ते पुरुष की बाई, हेच कळत नाही. मग?

हा प्रश्न मुंबईतल्या प्रत्येक ऑफिसात रोज पडतो. किरण घ्या. किरण पुरुषाचं नाव, किरण बाईचंही नाव. सुहास तसंच. आणि दक्षिणेकडचं किंवा ईशान्येकडचं नाव असेल तर आपल्याला अंदाजही येत नाही. तिकडच्यांना आपल्या नावांचा येत नसणार.

माझ्या वर्गातल्या एकीनं बेंगळुरूच्या किरण नावाच्या ग्राहकाबद्दल तीन दिवस आपल्या साहेबांना ‘ही’ लिहून ईमेल पाठवले. प्रत्येक ईमेलमध्ये ग्राहकाची प्रत होती. चौथ्या दिवशी कॉलवर बाईंचा आवाज आला. बाई काही बोलल्या नाहीत, पण ही मुलगी त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, ‘मॅडम, मी एकदा तरी विचारायला हवं होतं.’ मी म्हटलं, विचारायचीही गरज नव्हती. ‘किरण हॅज शेअर्ड देअर डॉक्युमेंट्स’ एवढं पुरलं असतं.

ईमेलच्या सुरुवातीला ‘डिअर सर’ लिहायची सवय आपल्या हाडात आहे. ती सोडा असं मी कळकळीनं सांगते, कारण वाचणारी बाई असेल तर पहिल्याच शब्दाला तिला कळतं की या माणसाच्या मनात साहेब म्हणजे पुरुष. पूर्ण नाव लिहा: ‘डिअर किरण राव’. नाव माहीत नसेल तर पद किंवा विभाग लिहा: ‘डिअर हायरिंग टीम’. ‘डिअर सर ऑर मॅडम’ चालतं, जुनाट वाटतं इतकंच.

आणि फोनवर? तिथे तर ‘सर’, ‘मॅडम’ म्हणावंच लागतं.

आवाजावरून ठरवू नका. जाड आवाजाच्या बाया असतात, बारीक आवाजाचे पुरुष असतात, सर्दी झालेली माणसं असतात. आधी नाव विचारा, मग नावानं बोला. भारतातला ग्राहक असेल तर आपल्याकडे ‘जी’ आहे: ‘किरणजी’. मान पुरेपूर आणि लिंग कुठेच नाही. परदेशी ग्राहकाला नुसतं नाव चालतं. त्यांना ते उद्धट वाटत नाही.

ऑफिसातल्या एकानं सांगितलं, ‘मला दे म्हणा.’ मी का ऐकायचं?

इथून पुढे माझं मत.

एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली. तेवीस-चोवीस वर्षांची, घाटकोपरला राहणारी, पहिलीच नोकरी. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, ‘मॅडम, आमच्या टीममध्ये एक जण आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं, माय प्रोनाउन्स आर दे, देम. मी घाबरून त्या माणसाशी बोलायचंच टाळते. चुकले तर?’ म्हणजे तिला राग नव्हता, विरोध नव्हता. इंग्रजी चुकण्याची जुनी भीती होती, आणि त्या भीतीपायी शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दोन महिने एकटा जेवत होता.

मी तिला विचारलं, घरी सासूबाईंना, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंना, काय म्हणतेस? अहो आई. आणि स्वतःच्या आईला? अगं आई. दोघी आयाच. एकीला अहो, दुसरीला अगं, आणि हे दिवसातून पन्नास वेळा न चुकता जमतं. वर्गमैत्रीण वरच्या पदावर गेली की ऑफिसात तिला ‘तुम्ही’ आणि घरी ‘तू’. लग्नानंतर मैत्रिणीचं नावच बदललं, तर आठवडाभरात नवं नाव तोंडात बसतं. माणसाला काय म्हणायचं हे नात्यावरून, मानावरून आणि त्या माणसाच्या इच्छेवरून ठरवण्यात मराठी माणूस जन्मापासून तयार असतो. ‘हे फार अवघड आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा मला ते खरं वाटत नाही. सवय नाही, एवढं खरं.

का ऐकायचं, याचं उत्तर माझ्याकडे साधं आहे. नाव जसं ज्याचं त्याचं असतं, तसंच हे. ‘मला पिंट्या नका म्हणू, प्रशांत म्हणा’ असं कुणी सांगितलं तर आपण पुरावा मागत नाही.

पण मला मनापासून पटत नसेल तर?

वर्गात असे लोक येतात आणि मी त्यांना गप्प करत नाही. त्यांची म्हणणी एकसारखी नसतात.

कुणी म्हणतं, पुरुष आणि स्त्री सोडून तिसरं काही मी मानत नाही, मग माझ्या तोंडून तो शब्द का काढून घेता? कुणी म्हणतं, हे सगळं अमेरिकेतून आलेलं आहे, आपल्याकडे पाणी भरायला सार्वजनिक नळावर उभं राहणाऱ्या बाईला याचं काय? एक बाई म्हणाल्या ते माझ्या मनात राहिलं: ‘आम्ही इतकी वर्षं झगडून इंजिनीअरच्या जागी शी लिहायला लावलं, आता तुम्ही परत दे लिहून आम्हाला पुसताय.’

या बाईंशी मी अर्धी सहमत आहे. समोर बाई आहे, तिला ‘शी’ हवं आहे, तर ‘शी’च म्हणायचं. जिचं लिंग माहीत आहे आणि जिनं वेगळं काही मागितलेलं नाही तिला उगाच ‘दे’ म्हणणं हेही तिचं न ऐकणंच. अमेरिकेतून आल्याबद्दल म्हणाल तर इंग्रजी भाषाच बाहेरून आली, आणि आपण ती बोलायला रात्री नऊपर्यंत वर्गात बसतो. नळावरच्या बाईचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. तिच्या अडचणींपुढे सर्वनाम लहान आहे. पण लहान गोष्ट करायला पैसा लागत नाही आणि मोठी गोष्ट तिच्यामुळे अडत नाही.

ज्यांना मुळातच पटत नाही त्यांना मी एकच वाट सुचवते: नाव घ्या. ‘किरण सेड’, ‘किरण्स रिपोर्ट’, ‘आस्क किरण’. तुम्हाला न पटलेला शब्द उच्चारावा लागत नाही आणि किरणला नको असलेला शब्द ऐकावा लागत नाही. मुद्दाम, दरवेळी, समोरच्याला टोचावं म्हणून ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणणं याला मी मत म्हणत नाही. तो त्रास देणं आहे.

ईमेलच्या सहीखाली ‘शी, हर’ असं आपलं सर्वनाम लिहायची सक्ती असावी का?

नसावी. हे मी ठामपणे सांगते, आणि ‘दे’च्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्या काही मित्रांना ते आवडत नाही.

ज्याला लिहायचं त्यानं लिहावं. चांगली सोय आहे, किरणसारख्या नावांचा गोंधळ मिटतो. पण सक्ती केली की सगळ्यात जास्त कात्रीत सापडतं ते अजून स्वतःबद्दल ठरवत असलेलं किंवा घरी सांगू न शकलेलं माणूस. त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात: सहीखाली खोटं लिहायचं, किंवा तयारी नसताना सगळ्या ऑफिसला सांगून टाकायचं. आपल्याकडे ऑफिसातली बातमी डोंबिवलीच्या सोसायटीत पोचायला वेळ लागत नाही.

उलटी सक्तीही झालेली आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत केंद्र सरकारच्या अनेक खात्यांनी कर्मचाऱ्यांना ईमेलच्या सहीतून सर्वनामं काढून टाकायला सांगितलं. अमेरिकन ग्राहकांबरोबर काम करणाऱ्या आपल्या मुलांना मी म्हणून सांगते की वारा बदलत राहतो, कंपनीचं धोरण वाचा, पण समोरच्या माणसानं तुम्हाला स्वतः काय सांगितलंय ते लक्षात ठेवा.

तृतीयपंथी व्यक्तींबद्दल बोलताना ‘दे’च म्हणायचं ना?

नाही. ही चूक चांगल्या मनाचे लोक करतात, म्हणून मुद्दाम लिहिते. ट्रान्स स्त्री असेल तर बहुधा तिला ‘शी’ हवं असतं, मराठीत ‘ती’ हवं असतं. ती स्वतः ‘मी आले’, ‘मी गेले होते’ असंच बोलते. कान देऊन ऐकलंत तर विचारायचीही वेळ येत नाही. मालाडच्या मालवणी वस्तीत तृतीयपंथीयांसाठी काम उभं केलेल्या, स्वतः ट्रान्स स्त्री असलेल्या गौरी सावंत यांना कुणीही ‘त्या’ म्हणतं, इंग्रजीत ‘शी’. त्यांना ‘दे’ म्हणणं म्हणजे त्यांनी सांगितलेलं ऐकून न ऐकल्यासारखं करणं.

सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालानं आपलं लिंग काय हे ठरवायचा हक्क त्या व्यक्तीचाच असल्याचं मान्य केलं. गौरी सावंत त्या प्रकरणात न्यायालयात गेलेल्यांपैकी एक. ‘आपण कोण ठरवणार?’ या प्रश्नाला त्या निकालानं दिलेलं उत्तर हेच.

आणि ‘इट’ कधीही नाही. मोठ्या माणसाला ‘इट’ म्हणजे वस्तू म्हणणं. पाळण्यातल्या बाळाला चालतं, दाराआडून ‘हू इज इट?’ विचारलं तर चालतं, बस.

या सगळ्यापेक्षा नवा शब्दच का नाही बनवला?

बनवले, पुष्कळ बनवले. चार्ल्स कॉन्व्हर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ‘थॉन’ हा शब्द १८८४ साली लोकांपुढे मांडला. मेरियम-वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात तो होता, १९६१ च्या कोशात नाही. कुणी बोललंच नाही. स्वीडनमध्ये ‘हेन’ टिकला, २०१५ मध्ये तिथल्या अधिकृत शब्दकोशात गेला. इंग्रजीत लोकांनी घरातला जुना शब्दच पुढे केला.

‘दे’ म्हटलं तर एक की अनेक, हा गोंधळ होत नाही का?

होतो. नाही म्हणणारे खोटं बोलतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका रिसेप्शनवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला निरोप मिळाला, ‘दे आर कमिंग ॲट फोर.’ त्यानं चार पाहुण्यांचे पास काढून ठेवले, मोठी खोली उघडली, पाण्याच्या बाटल्या मांडल्या. आलं एकच माणूस. दोष ‘दे’चा नव्हता, निरोप देणाऱ्याचा होता, पहिल्या वाक्यात नाव घ्यायला हवं होतं. ‘आवर ऑडिटर इज कमिंग ॲट फोर, दे विल नीड अ रूम.’ मराठीत ‘ते येणार आहेत’ म्हटलं तरी एक सासरे की सगळं वऱ्हाड, हे मागच्या वाक्यावरूनच कळतं.

तोंडातून चुकून ‘ही’ गेलं तर?

‘सॉरी, दे’ म्हणा आणि वाक्य पुढे न्या. दहा मिनिटं माफी मागू नका. मग समोरच्या माणसालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

इंग्रजीचं कळलं. मराठीत काय म्हणू?

हा प्रश्न मला एका आजोबांनी विचारला. मुलुंडचे, बँकेतून निवृत्त, वय एकाहत्तर. वहीला खाकी कव्हर घालून यायचे. त्यांच्या मुलाचं थोरलं मूल कॅनडात शिकतं, आणि एका सुट्टीत घरच्यांना सांगून टाकलं की मला ‘ही’ नको, ‘दे’ म्हणा. आजोबा इंग्रजी शिकायला आले ते त्यासाठी. सहा आठवड्यांत ‘दे’ त्यांच्या जिभेवर बसला. मग एक दिवस म्हणाले, ‘बाई, इंग्रजीत पास झालो. पण आम्ही फोनवर मराठीत बोलतो. तिथे काय करू?’

मराठीचं दुखणं सर्वनामापुरतं नाही. ‘मी जातो’, ‘मी जाते’; आपल्याकडे ‘मी’ म्हटलं तरी क्रियापद लिंग सांगून टाकतं. ‘ते’ म्हणावं तर मान दिल्यावर पुरुष वाटतो, आणि नपुंसकलिंगी ‘ते आलं’ मोठ्या माणसाला कमीपणा आणतं. एक ठरलेलं उत्तर मराठीत अजून नाही. मी आणि आजोबांनी वहीच्या मागच्या पानावर शोधायला सुरुवात केली.

भाषेत जागा निघाल्या. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ बाईलाही तेच, पुरुषालाही तेच. ‘तुम्ही आलात’, ‘आम्ही निघालो’ यांत लिंग नाही. ‘मी पोळी खाल्ली’ इथे क्रियापद पोळीच्या मागे जातं, खाणाऱ्याच्या नाही. ‘किरण येणार आहे’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. वारीत तर सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. दाढीवाल्या बुवांनाही माउली आणि ज्ञानेश्वरांनाही माउली. आजोबांच्या पत्नी सावंतवाडीकडच्या. त्यांनी घरून निरोप धाडला की मालवणी बोलीत चेडू, म्हणजे मुलगी, तिलाही ‘तां चेडू’ म्हणतात, त्यात कमीपणा कसला.

नात्यांचे शब्द काढताना आजोबांनी पेन खाली ठेवलं. लेकरू, मूल, भावंड, नातवंड. सगळे नपुंसकलिंगी आणि सगळे मायेचे. ‘माझं नातवंड टोरांटोला शिकतं,’ त्यांनी वाक्य करून बघितलं. दोनदा म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ते आले आणि म्हणाले, काल फोन झाला, अर्धा तास बोललो, एकदाही अडलं नाही. मी विचारलं, काय काय बोललात? त्यांनी वहीत लिहून आणलं होतं, कारण त्यांनाच नवल वाटलं होतं. ‘जेवण झालं का? थंडी फार आहे का? पैसे पुरतात ना? कधी येशील? आलं की काय खाशील?’